धूसर दिसतात ती आपली माणसं

मंगळवार, ११ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. मायना साग्रसंगीत लिहायला बसले तर अर्धं पान त्यातच जाईल, एवढी मोठी अक्षरं काढावी लागतात हल्ली. तेव्हा राहिलेला मान मनातल्या मनात घे. जाड काळ्या पेनानं लिहिते आहे. ओळ तिरकी गेली तर भुवई चढवू नकोस. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी सरळ केल्या, आता माझ्या जातील तिकडे जाऊ देत.

फोन करायचं मनात येतं, पण तुला फोनवरचं ऐकू येत नाही आणि मग तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतेस. मागच्या खेपेला मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली, तर तू मला न्हाणीघराची गळती कशी काढली ते सांगितलंस. त्यापेक्षा पत्र बरं. मला भिंगातून एकेक अक्षर वेचावं लागतं, पण निवृत्त बाईला वेळेची काय कमी? तूही मोठं लिही आणि काळ्या शाईनं लिही. तुझी ती निळी शाई मला दिसतच नाही.

इकडे सगळं ठीक. लेकीचं ऑफिस, जावयाची दुकानाची धावपळ, सगळं चालू आहे. माझे डोळे जरा कमी झालेत, वयाप्रमाणे. जिथे बघावं नेमका तिथेच डाग पडतो, कडेकडेचं मात्र दिसतं. म्हणजे मुंगीचा चेहरा बघायचा असेल तर मला तिच्या कानाकडे बघावं लागतं. (आमची नात, सहा वर्षांची. तू तिला पाळण्यात असताना बघितलंस. तेव्हा ती मुंगी नव्हती, आता सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून मुंगी.) ती मला म्हणते, "आजी, तू माझ्या कानाशीच का बोलतेस?" मी म्हणते, "कानानंच ऐकतेस ना?"

पण ती हल्ली माझ्या खोलीत फारशी येत नाही. शाळेचं काही असेल. लेकही जरा घुश्शात आहे. मीच तिला म्हटलं, की संध्याकाळी पोरीला माझ्यापाशी ठेवू नका, पाळणाघर बघा. का, म्हणाली. दमते, म्हटलं. एवढ्यावर ती गप्प बसली, पण तिचं ते गप्प बसणं तुला ठाऊक आहे, दादासारखंच आहे, खोलीभर ऐकू येतं.

परवा छापखान्यातला जुना फोरमन येऊन गेला. बसून पोटभर हसलो. त्याला अजून ती ‘शोकशोभा’ आठवते. एका मोठ्या माणसाच्या शोकसभेची जाहिरात होती. तिघांनी वाचली, तिघांनाही ‘शोकसभा’च दिसली, आणि छापून निघालेल्या चार ओळींत ‘शोकशोभेला बहुसंख्येने उपस्थित राहावे’! मी त्या दिवशी रजेवर होते, म्हणून नाक वर करून सांगू शकते. तेव्हाच मी मुद्रितं तपासायला आलेल्या नव्या मुलींना शिकवायला लागले, की आपण कागदावर असतं ते वाचत नाही, असायला हवं ते वाचतो. म्हणून वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं. अर्थ लागला की डोळा फसला.

बरं, एक सहज विचारायचं होतं. आई शेवटच्या दोन वर्षांत घरात नसलेल्या कुणाकुणाला बघायची, ते तुला आठवतं का? मी नोकरीच्या गावी होते, सुट्टीत आले तेवढंच मला माहीत. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांना म्हणे तसलंच काहीतरी व्हायला लागलंय. त्यांना सांगायला बरं पडेल. आईशी ती माणसं काही बोलायची का? तिला भीती वाटायची का त्यांची? आणि तिला बाकीचं सगळं उमजत होतं का, की ती आपल्याला सोडून कुठेतरी गेली होती?

घाई नाही. पण जमलं तर याच आठवड्यात लिही.

तुझी
शुद्धलेखनबाई


रविवार, ३० मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं. तीन पानं लिहिलीस, काळ्या शाईनं, आणि शेवटी एक ओळ. ती ओळ मी भिंगाखाली एकेक अक्षर सरकवत वाचली. ‘खालच्या मजल्यावरच्या बाईंचं राहू दे. तुला दिसतंय का कुणी?’

दिसतंय, वहिनी.

खालच्या मजल्यावर बाई नाहीत. तिथे एक शिंपी राहतो आणि त्याला सुईत दोरा घालण्यापलीकडे काही अडचण नाही.

मागच्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालं. सकाळी चहा घेत होते आणि समोरची पांढरी भिंत मजकुरानं भरून गेली. वरपासून खालपर्यंत छापील ओळी, नीट समास सोडून बसवलेल्या, आपल्याच लिपीसारख्या दिसणाऱ्या, पण एक अक्षर वाचता येईल तर शपथ. तुला हसू येईल, मी घाबरण्याआधी काय केलं असेल? चूक शोधली. दोन परिच्छेद होईपर्यंत शोधत होते. मग लक्षात आलं की सगळं पुसट दिसणाऱ्या बाईला एवढं बारीक छापील दिसतंच कसं, आणि मी कप खाली ठेवला.

त्यानंतर ताटावर, चादरीवर, आभाळावरसुद्धा. कधी मजकूर, कधी विटांची जाळी. आणि मग माणसं. वीतभर उंचीची, पिसं लावलेल्या टोप्या घातलेली, टीव्हीच्या कपाटावरून रांगेनं जाणारी. मुलंसुद्धा. भडक रंगांचे कपडे, अंगरख्यावरचा टाका न् टाका दिसतो. आवाज मात्र नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. खरी माणसं धूसर आणि नसलेली माणसं लख्ख, अशी गत झाली.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? आईचं दार आठवत होतं. पाहुणे आले की दादा तिच्या खोलीचं दार लोटून घ्यायचा, ते दार. तिला झोपेच्या गोळ्या चालू केल्या, मग ती दिवसादेखील अर्धवट झोपेत असायची. म्हटलं, आपलंही तेच सुरू झालं. जोवर लपवता येईल तोवर लपवायचं. एक युक्ती मला सापडली होती, की सरळ त्यांच्या अंगावर चालून गेलं की ती विरघळतात. मग मी तेच करायचे. टोपीवाला दिसला की सरळ त्याच्यातून.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते.

मुंगीच्या शाळेत गोष्टीचं नाटक होतं. तिला पऱ्यांच्या राजाचं काम होतं, पिवळाधमक झगा आणि पिसाची टोपी. आजीला चकित करायचं म्हणून ती माझ्या खोलीच्या दारात येऊन न बोलता उभी राहिली. मी चहा घेऊन स्वयंपाकघरातून येत होते. नेमकी कडेच्या बाजूनं ती दिसली, टोपी, पीस, झगा, आणि एक शब्द नाही. मी म्हटलं, आला वाटतं. आणि नेहमीसारखी सरळ चालत गेले.

ती पाठीवर आपटली, कप तिच्या दंडावर उलटला. चहा निवत आलेला होता, वहिनी. मी नेहमी निववून घेते म्हणून तू मला किती चिडवायचीस. दंड नुसता लाल झाला, फोड आला नाही. पण ती ओरडली ते अजून कानात आहे. "आजी, तू माझ्यातून चाललीस!"

लेकीला मी सांगितलं, पाय अडखळला. तिनं मान डोलावली. मुंगीनं डोलावली नाही. तिला माहीत होतं, की आजीनं आपल्याला बघितलं आणि तरी थांबली नाही. म्हणून ती खोलीत यायची बंद झाली, आणि म्हणून मी पाळणाघर बघायला सांगितलं. मला माझा भरवसा वाटेना.

तुझी ती शेवटची ओळ वाचली त्याच संध्याकाळी लेकीला समोर बसवलं. म्हटलं, "मी बोलते, तू मध्ये बोलू नकोस." सगळं सांगितलं. भिंत, टोप्या, मुंगी. ती रडेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आत्ता आहे का इथे कुणी?"

मी बघितलं. म्हटलं, "एक जण आहे, पंख्यावर."

"मग त्याला म्हणावं पंखा लावायचाय, खाली उतर."

दोघी इतक्या हसलो की जावई बघायला आला.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहे, बोलताना खुर्ची पुढे ओढून घेते. आधी तिनं तपासलं, थेंब घातले, प्रकाश टाकला. मग आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, कुठल्या गोळ्या घेते ते बघितलं. मग मी धीर करून सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आत ती म्हणाली, "आवाज येत नाही ना त्यांचा? आणि ती खरी नाहीत हे तुम्हांला कळतं?"

"कळतं."

"आजी, तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, बाकी काही नाही."

वहिनी, मी त्या खुर्चीत बसून लहान पोरीसारखी रडले. थेंबांनी डोळे आधीच वाहत होते, त्यामुळे कुणाला फरक कळला नसेल, पण मी रडले.

मग तिनं समजावलं, ते मला जमेल तसं सांगते. आपण समजतो, डोळे बघतात. डोळे नुसता निरोप पाठवतात, तोही तुटक, उलटा, कडेला विरलेला. बघतो तो मेंदू. आलेल्या निरोपातून तो अंदाज बांधतो, उलट्याचं सुलट करतो, राहिलेलं भरून काढतो आणि आपल्यासमोर सबंध जग मांडतो. आता माझ्या डोळ्यांच्या मधून निरोपच येईनासा झाला. तिथलं काम करणारा मेंदूचा भाग मात्र तसाच आहे, धडधाकट. तो रिकामा बसेना. स्वतःच चित्रं काढू लागला.

मी म्हटलं, "म्हणजे बातमी आली नाही तरी पान कोरं सोडत नाहीत. जुना एखादा चित्राचा ठोकळा काढून बसवून देतात."

ती हसली. "हे मी पुढच्या पेशंटला सांगणार."

लेकीला मात्र पटेना. तिचा प्रश्न असा, की चांगल्या मेंदूला नसलेलं कसं दिसेल? डॉक्टरीणबाईनं एका कागदावर डावीकडे फुली काढली, उजवीकडे ठसठशीत ठिपका. म्हणाली, "डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडेच बघा, आणि कागद हळूहळू जवळ आणा." लेक कागद नाकाकडे आणत होती आणि एकदम थांबली.

"ठिपका गेला!"

"त्याच्या जागी काय आहे? भोक आहे का?"

"नाही... पांढरा कागद आहे."

"तो कागद तुमच्या मेंदूनं रंगवलाय. डोळ्यातून शीर बाहेर पडते तिथे प्रत्येकाला दिसत नाही. जन्मापासून हे भोक घेऊन फिरतो आपण, आणि कधी कळत नाही, कारण मेंदू ते बुजवून टाकतो. तुमच्या आईचं भोक मोठं आहे, म्हणून तिथे टोप्या घातलेली माणसं मावतात."

लेकीनं ते तीनतीनदा करून बघितलं. घरी येऊन जावयाला करायला लावलं.

बरं होण्यासारखं नाही म्हणाली पडद्याचं. पण कडेची नजर राहील, त्यावर बरंच काही करता येतं. माणसं बहुतेकदा काही महिन्यांनी कमी होत जातात. तोवर कुणी आलं की दिवा लावायचा, डोळे मिचकवायचे, मान न हलवता नजर डावी-उजवीकडे न्यायची. आणि कुणाच्या अंगावरून चालत जायचं नाही. त्याऐवजी हात पुढे करायचा.

मग मी आईचं विचारलं. म्हटलं, माझ्या आईला असंच दिसायचं, सगळे म्हणायचे तिला वेड लागलं. तिनं खुर्ची आणखी पुढे ओढली. म्हणाली, "मी त्यांना बघितलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगू नये. त्यांचे डोळे कसे होते?" मी तुझं पत्र सोबत नेलं होतं. लेकीनं त्यातलं वाचून दाखवलं, की आईला समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, पावलांवरून ओळखायची. कपाटावर पाय सोडून बसलेले बुटके दिसायचे, ते कधी बोलायचे नाहीत. आणि तिला त्यांची भीती नव्हती, दार लोटून घेतल्याची होती. नातवंडांचे वाढदिवस तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होते.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "ह्यातलं काहीच मला वेडाचं वाटत नाही."

लेक पुढे वाचत गेली, आणि मी थांबवायच्या आत तुझं ते वाक्यही वाचलं. ‘हे जाईपर्यंत म्हणत होते, की मीच हो ला हो करून आईंचं डोकं बिघडवलं. खरं असेल कदाचित, मला ह्यातलं काय कळतंय.’

"ह्या कोण?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"माझी वहिनी. ती रोज दुपारी आईजवळ बसायची आणि विचारायची, आज कोण कोण आलंय? आई सांगायची, ही हसायची, मग दोघी त्या बुटक्यांना नावं ठेवायच्या."

ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिहिते, कारण शब्द इकडचा तिकडे झाला तर मला झोप लागत नाही हे तुला माहीत आहे. ती म्हणाली, "त्यांना सांगा, त्या घरात फक्त त्यांनीच योग्य उपचार केला."

वहिनी, हे वाक्य तुझं आहे. ते तुझ्याकडे पोचवायला म्हणून हे सगळं पत्र. तू आईला बिघडवलं नाहीस. जे दिसतं ते सांगता येईल असं एक माणूस तिला घरात होतं आणि ते तू होतीस. मी एकदा सुट्टीत आले असताना दाराबाहेरून तुम्हां दोघींचं हसणं ऐकलं होतं. तेव्हा मला वाटलं, वहिनी मनानं फार चांगली आहे, म्हाताऱ्या माणसाचं मन राखते. मला काय माहीत, की एक दिवस त्याच हसण्याच्या आधारानं मी माझ्या लेकीसमोर तोंड उघडणार आहे. तू तेव्हा आईला विचारलं नसतंस, तर आता मला विचारलं नसतंस. आणि तू विचारलं नसतंस तर मी सांगितलं नसतं. मी आणखी काही महिने खोलीत बसून राहिले असते, आणि मुंगी दाराबाहेर.

दादाला दोष देत नाही. तो घाबरला होता. त्याला कुणी कागदावर फुली आणि ठिपका काढून दाखवला नाही.

तुझी, तुझी, तुझी
(तीनदा पडलंय, ते चुकून नाही)


शनिवार, १९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र लेकीनं आणि मी मिळून वाचलं. माझं पत्र तू दादाच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्यानं वाचलंस, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आवाज किती चढला ते तुला कळलं नाही, शेवटी शेजारीण चप्पल न घालता धावत आली! हे वाचताना लेकीला पुढे वाचताच येईना. शेजारणीला तू काय सांगितलंस ते लिहायचं राहिलं. "काही नाही, नवऱ्याशी बोलत होते," असंच सांगितलं असशील. बरं केलंस. इतक्या वर्षांचं बोलणं बाकी होतं, थोडा आवाज चढायचाच.

मुंगीला मी सगळं सांगितलं. लहान मुलांना सांगायचं कसं याची मला उगाच धास्ती होती. तिनं दोनच प्रश्न विचारले. ती माणसं चावतात का, आणि त्यांच्यात मुलगी आहे का. मग तिनंच नियम काढला. आता ती खोलीत येताना माझ्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, "मी आहे, खरी." शाळेतून आली की खरी, जेवायला बोलवायला आली की खरी. काल रुसली होती तेव्हाही दारातून ओरडली, "मी खरी आहे, पण बोलणार नाही!" पाळणाघर रद्द झालंय. संध्याकाळी ती माझ्यापाशी असते. मी तिच्या कानाशी बोलते आणि तिला त्याचं कारण माहीत आहे.

टोपीवाले कमी झालेत. मजकूर मात्र अधूनमधून येतो. परवा चांगली दीड रकान्याची मजकुराची पट्टी आली होती चादरीवर. दिवा लावला, नजर डावी-उजवीकडे नेली, गेली. मी आता त्यात चुका शोधत नाही. ज्यानं लिहिलंय त्यानंच तपासावं.

आणि तू येते आहेस! लेकीनं तुझी बस कुठे थांबते ते बघून ठेवलंय. ती कामावर असेल, म्हणून तुला घ्यायला मीच येणार, मुंगीला घेऊन. नको म्हणू नकोस. कडेकडेनं मला रस्ता दिसतो, आणि मुंगी माझा हात सोडत नाही.

फक्त आपल्या दोघींचं आधीच ठरलेलं बरं. मी तुला लांबून हाक मारीन तर तुला ऐकू येणार नाही. तू लांबून हात केलास तर मला दिसणार नाही. तेव्हा दोघींनी हुशारी करायची नाही. तू उतरलीस की सामान खाली ठेव आणि जागची हलू नकोस. मी थांब्याच्या पाटीखालच्या बाकावर बसलेली असेन. मुंगीला तुझा फोटो दाखवून ठेवलाय, ती तुला शोधून माझ्यापर्यंत आणेल. मी कदाचित भलत्याच बाईकडे बघून हसत असेन. राग मानू नकोस. जवळ ये आणि माझ्या शेजारी बस. तुझा चेहरा मला मधोमध दिसायचा नाही, पण मी तुझ्या कानाकडे बघेन, आणि मग कडेनं तू दिसशील. थोडी धूसर, पण तूच.

जाड पेनाची शाई संपत आली. वाट बघते आहे, वहिनी. हे एक बघणं मला अजून अगदी लख्ख जमतं.

तुझी
नणंद